गोल झाल्यावरची शांतता

बल्गेरियाच्या डोंगरात व्रानेवो नावाचे गाव आहे. तिथल्या हौशी आइस हॉकी क्लबचा सामना पाहायला आलेला पाहुणा पहिल्याच गोलाला चक्रावतो. गोल होतो आणि जल्लोष होतच नाही. गोल करणाऱ्याला कोणी मिठी मारत नाही. संघातले सगळे एकमेकांपासून दूर सरकतात आणि बर्फावर हातपाय पसरून पालथे पडतात. प्रेक्षक चिडीचूप. मग क्लबचे एक जुने खेळाडू, ज्यांना गाव आदराने बाय स्तामेन, म्हणजे स्तामेनकाका, म्हणते, पाहुण्याला शेजारी बसवून घेतात आणि ही हकीकत सांगतात.

त्या काळी रिंक नव्हती, क्लब गावच्या तळ्यावर खेळायचा. गोलरक्षक होता ल्युबेन. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, हा त्याचा धंदा. आईवडिलांमागे धाकट्या आसेनला त्यानेच वाढवले होते. आसेन पुढच्या फळीत खेळे. तोवर क्लबला एकाही सामन्यात गोल करता आला नव्हता, असे सांगतात.

त्या सकाळी दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला. तिथे त्याला पांढरा वारा म्हणतात. तो बर्फ आतून खातो. ल्युबेनने काठीने बर्फ ठोकून पाहिला. आवाज बद्द आला.

"आज नको," तो म्हणाला.

"बाते, तुला भीती बर्फाची की त्यांच्या फॉरवर्डची?" आसेन हसला. थोरल्या भावाला तो बातेच म्हणे. "शेजारचं गाव ट्रक भरून आलंय. परत धाडलं तर जन्मभर चिडवतील."

सगळे हसले. ल्युबेन गोलात जाऊन उभा राहिला.

खेळ संपत आला आणि पलीकडच्या टोकाला आसेनने रबरी चकती जाळ्यात मारली. काठावर एकच गलका उठला. संघातले सारे धावले, त्यांनी आसेनला खाली पाडून त्याच्यावर ढीग रचला. त्याच क्षणी ल्युबेनच्या पायांखालून एक आवाज गेला. लांबलचक, खोल, जनावराने झोपेत कण्हावे तसा. ओरडावे तर ऐकणार कोण? धावावे तर आणखी एक वजन.

तो आहे तिथेच हातपाय पसरून आडवा झाला. बर्फ फुटायला आला की वजन असे पसरायचे, हे तळ्याकाठी वाढलेल्यांना सांगावे लागत नाही. काठावरच्या बायका आधी गप्प झाल्या, मग पुरुष. त्या शांततेत तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ढीग सुटला. एकेक जण पोटावर सरपटत दूर होऊ लागला.

आसेन मात्र उलटा फिरला. क्लबच्या पहिल्या गोलाची चकती त्याला हवी होती.

"सोड ती!" ल्युबेन किंचाळला.

"अरे आणतो, हात पुरतोय..."

बर्फ फुटला. फारसा आवाजही झाला नाही म्हणे. जाळे गेले, आसेन गेला. काळे पाणी तेवढे हलत राहिले.

ल्युबेन सरपटत निघाला. बर्फ त्याच्याखाली वाकत होता, पाणी वर येऊन छातीला लागत होते. तेव्हा तो पाण्यावरच्या माणसांचा रक्षक संत निकोला याला नवस बोलला: हा वर येऊ दे, या गावात कोणी गोलाचा आनंद ओरडून साजरा करणार नाही.

असे सांगतात की तेवढ्यात पाण्यातून एक हात वर आला. ल्युबेनने आपली गोलरक्षकाची रुंद काठी पुढे केली. आसेनने ती धरली, पण त्याच्या भाराने ल्युबेनच भोकाकडे घसरू लागला. मागून कोणीतरी त्याचा घोटा पकडला. तो पाहुण्या संघाचा कप्तान होता. त्याच्यामागे दोन्ही संघांचे खेळाडू आडवे पडून साखळी धरत आले.

आसेनला वर काढले तेव्हा त्याचे ओठ निळे होते. श्वास नव्हता. ल्युबेन त्याच्या छातीवर कान ठेवून पडून राहिला. दोन्ही गावे गप्प उभी होती. मग आसेन खोकला. कोणीही ओरडले नाही.

"बाते, माझा गोल?"

"बुडाला," ल्युबेन म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटले.

आजही व्रानेवोचे खेळाडू नव्या रिंकमध्ये तसेच आडवे पडतात. या बर्फाखाली सिमेंट आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आपले सगळे डोळ्यांना दिसल्यावरच गोलरक्षक उठतो, आणि तो उठेपर्यंत बाकांवरची एकही आई श्वास सोडत नाही.