नीलकुंभाचे फूल आणि वेशीबाहेरची चिमणी

एका राज्यात पाखरे माणसांसारखी बोलत, तिथला राजा शूरकेतू. त्याच्या बागेत नीलकुंभाचे झुडूप होते. पृथ्वीवर तसे दुसरे नव्हते, आणि ते बारा वर्षांतून एकदाच फुले. यंदा त्याला कळी आली. चिमण्या तिला चोच मारतील या भयाने राजाने त्या साऱ्या वेशीबाहेर हाकलल्या. या एका फुलापुढे लाख चिमण्या कवडीमोल, असे तो भर दरबारात बोलला.

डोंगरावरच्या भेरुंड मांत्रिकाने ते ऐकले आणि शाप दिला. राजा कमरेपर्यंत दगड झाला. सूर्यास्ताआधी कोणी डोंगरावर येऊन फुलाची नि चिमणीची खरी तुलना करील, तरच राजा सुटेल. चुकेल तोही दगड होईल, अशी अट होती.

दरबारी खाली पाहू लागले. राजमाळीण सगुणा मात्र उठली. झुडपाची कुंडी तिने कडेवर घेतली, वेशीबाहेरची एक चिमणी खांद्यावर बसवली आणि धावतच डोंगर चढली. 

वर सोन्याचा तराजू अधांतरी लटकला होता. एका पारड्यात कुंडी गेली, दुसऱ्यात चिमणी. रूपाने थोर कोण, असे भेरुंडाने विचारले. सगुणा म्हणाली, फूल. फुलाचे पारडे झुकले. उपयोगाने थोर कोण? ती म्हणाली, चिमणी. चिमणीचे पारडे झुकले.

"आता एकच राहील, दुसरे मी जाळीन," भेरुंड म्हणाला. "कोणाला ठेवू?"

सूर्य कड्याला टेकला होता. सगुणाने वाकून कळी निरखली. आत हिरवी अळी देठ कुरतडत होती. तिने खूण करताच चिमणी उडून कुंडीत उतरली आणि अळी गिळून म्हणाली, "आणखी दोन आहेत." त्याही तिने टिपल्या.

"चिमण्या गेल्या, म्हणून कळीला कीड लागली," सगुणा म्हणाली. "चिमणीविना फूल किडेल, झुडपावरच्या किडीविना चिमणी उपाशी राहील; एक ठेवाल तर दोन्ही जातील. मी निवडणार नाही."

तिचे तळपाय दगडासारखे गार पडू लागले. तिने डोळे मिटले नाहीत. आता एका पारड्यात फूल नि चिमणी दोन्ही होती, दुसरे रिकामे. तरी तराजूचा काटा मध्यावर येऊन स्थिर झाला. कळी उमलली, डोंगर निळा झाला, आणि सगुणाच्या पायांत ऊब परतली.

खाली राजाचे दगडी अंग मोकळे झाले; तो चालत वेशीपाशी गेला आणि त्याने स्वतः चिमण्यांना आत बोलावले. एकीने राजछत्रात घरटे बांधले. भर दरबारात काड्या पडत, पण ते घरटे कोणी हलवले नाही.