ठकूचा उजवा हात

कांबळनाथ महाराज त्या साली उंबरगव्हाणच्या नदीकाठी उतरले होते. ऊन असो, थंडी असो, अंगावर एकच घोंगडी. भक्तहो, त्या घोंगडीच्या उबेला किती जीव आले म्हणून सांगावे!

त्याच गावात ठकू सुईण राहत होती. विधवा. एकटी. रोगाने पाटलांची गुरे पटापट मेली आणि रायाजी पाटील चावडीवर गरजले, "ठकी डाकीण आहे! तिचीच नजर."

पंचांनी दिव्य ठरवले. उकळत्या तेलातून तांब्याचा तुकडा उजव्या हाताने काढायचा. हात भाजला, तर डाकीण. गावाबाहेर.

कढई चढली. ठकूची नखे कापली, हात धुतले. ती हळूच म्हणाली, "पंचांनो, डावा घालू द्या. उजव्यानं पोरं घेते मी."

पंचांतले निम्मे त्याच हाताने जगात आलेले. ते खाली बघत राहिले.

"नखरे बघा!" पाटील हसले. "उजवाच!"

तेवढ्यात महाराज आले. पाटलांनी टोमणा मारला, "या बुवा! चेली करायला आलात का?"

महाराज कढईजवळ बसले, घोंगडी लपेटून घेतली. मग म्हणाले, "ठकूबाई, अडलेल्या बाईचं मूल घेतेस ना? तसाच घाल हात. भिऊ नकोस."

ठकूने डोळे मिटले.

ऊब.

नुसती ऊब. ओळखीची. नाळेची, पाण्याची. आणि तिथे कुणीतरी तिचे बोट घट्ट धरले, तान्ही धरतात तसे.

तिने हात बाहेर काढला. तळव्यावर तुकडा. कातडीवर साधा लाल डागही नाही! गावाने रोखलेला श्वास सोडला.

"तेल तापलंच नव्हतं!" पाटील ओरडले. त्यांनी कणकेची गोळी कढईत टाकली. गोळी चर्रकन काळी पडली. तरी त्यांचे समाधान होईना. ते स्वतःच बोट बुडवायला वाकले, तोच घोंगडीतून एक हात पुढे आला आणि त्याने त्यांचे मनगट धरले.

महाराजांचा उजवा हात. मनगटापर्यंत फोडांनी भरलेला.

"नको, पाटील," महाराज म्हणाले. "एकाचा भाजला तेवढा पुरे."

पाटील महाराजांच्या पायांकडे वळले. महाराजांनी पाय आवरते घेतले. "इथे नव्हे."

पाटील ठकूपुढे येऊन उभे राहिले. ती रडतही होती, हसतही होती. "अहो, बघत काय राहिलात? महाराजांच्या हाताला कोरफड आणा कुणीतरी!"

पाटील स्वतः धावले. पागोटे वाटेत पडले, त्याचेही भान नाही. परत आले ते कोरफडीचे पान घेऊन. ते त्यांनी ठकूच्या हाती दिले आणि सगळ्या गावादेखत तिच्या पायांवर डोके ठेवले.