बारकूनं घरगाडी चालू ठेवली

घाट उतरला की उजव्या हाताला कोंडवाडी लागते. त्या कोंडवाडीत बारकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. नाव बारकू, पण उंची सहा फूट. रस्त्याकडेच्या हसनमिस्त्रींच्या गॅरेजमध्ये तो कामाला होता. गाडी चालवण्यात पटाईत. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. तेवढाच काय तो त्याचा दोष. सांगितलं की करायचा. अगदी सांगितलं तस्संच.

एके दिवशी सकाळी गॅरेजसमोर एक अजब गाडी येऊन थांबली. बाहेरून मिनीबस, आत घर. पलंग, शेगडी, भांडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. गाडी साताऱ्याच्या मुकुंदराव खांबेट्यांची. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं ही घरगाडी बांधून घेतली होती. बरोबर त्यांची बायको, सुधाताई. समुद्राकाठच्या गावी सुधाताईंच्या भावाकडे संध्याकाळी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आत्या. आणि सुधाताई त्या बाळाची एकुलती एक आत्या.

पण घाटातच डॅशबोर्डनं मान टाकली. दिवे गेले, काटे झोपले, हॉर्न मुका झाला. वायपर तेवढा हात वर करून मध्येच उभा राहिला. घामाघूम झालेल्या मुकुंदरावांनी कशीबशी गाडी खाली आणली आणि ते मागच्या पलंगावर आडवे झाले.

"संध्याकाळपर्यंत पोचायलाच हवं हो," सुधाताई म्हणाल्या.

"पोचाल ताई," हसनमिस्त्री एका ट्रकखालून म्हणाले. त्यांचे नुसते पाय दिसत होते. "बारकू, फ्यूज उडालाय का बघ."

बारकू गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा अंगभर कुसळं आणि केसांत पानं.

"बघितलास?"

"माळावर बघितलं. आंब्यावर चढून बघितलं. उडाला असेल तर लांब गेला, मिस्त्री."

"अरे भल्या माणसा, उडाला म्हणजे जळाला! झाकण उघडायचं, आत काळं पडलेलं असेल ते काढून फेकायचं, त्या जागी नवं घालायचं. कळलं?"

"कळलं," बारकू म्हणाला. आणि त्यानं ते पक्कं लक्षात ठेवलं.

तो गाडीत शिरला. सुधाताई कळशी घेऊन निघाल्या होत्या. "मी पाणी आणते. शेगडीवर भरताचं वांगं आहे, तेवढं बघ हं."

बारकूनं शेगडीवरचं झाकण उघडलं. आत वांगं काळं ठिक्कर. त्यानं ते उचलून कोंबड्यांना फेकलं. टोपलीतलं एक नवं कोरं वांगं त्या जागी ठेवलं आणि झाकण लावलं.

सुधाताई परत आल्या. "अरे, माझं वांगं?"

"जळालं होतं ताई. नवं बसवलं."

आरडाओरडा ऐकून हसनमिस्त्री ट्रकखालून बाहेर आले. त्यांनी कपाळाला हात लावला. सगळं कपाळ काळं झालं. "अरे, दुसऱ्याच्या गाडीतलं काही फेकायचं नसतं! हातात घेतलं तर नीट बघायचं, आणि जिथल्या तिथं ठेवायचं. कळलं?"

"कळलं."

मिस्त्रींनी स्वतः नवा फ्यूज घातला. फट्! तोही गेला. "म्हणजे डॅशबोर्डच्या मागं वायर उघडी पडलीय. बारकू, चार स्क्रू काढ आणि आत काय आहे ते बघ. मी चिकटपट्टी आणतो."

मिस्त्री चिकटपट्टी घेऊन आले. डॅशबोर्डचे स्क्रू पुन्हा आवळलेले. बारकू शांत बसलेला.

"काय होतं आत?"

"उंदीर होता. लठ्ठ. वायर खात होता."

"मग?"

"हातात घेतला. नीट बघितला. जिथल्या तिथं ठेवला. शेपूट बाहेर राहत होती, तीपण आत घातली."

मिस्त्रींनी परत सगळं खोललं. उंदरानं तेवढ्या वेळात आणखी दोन वायरी कुरतडल्या होत्या. मिस्त्रींनी त्याला फडक्यात धरला आणि बारकूच्या नाकासमोर नाचवला.

"हा गाडीचा आहे का?"

"नाही."

"मग! जे गाडीचं नाही, ते गाडीत ठेवायचं नाही. बाहेर काढायचं आणि लांब सोडून यायचं. कळलं?"

"कळलं." बारकू उंदराला ओढ्यापलीकडे सोडून आला. मिस्त्रींना वाटलं, चला, एक काम नीट झालं.

मिस्त्री वायरींना पट्टी गुंडाळत बसले. बारकू गाडीत हिंडून बघू लागला. मागच्या पलंगावर मुकुंदराव घोरत होते. बारकूनं त्यांना हलवलं.

"काका, तुम्ही ह्या गाडीचे का?"

"गाडीचा?" मुकुंदराव झोपेत पुटपुटले. "मी साताऱ्याचा."

बारकूनं त्यांना उशीसकट उचललं. समोर साताऱ्याची एसटी उभीच होती. त्यात नेऊन बसवलं. खिडकीची जागासुद्धा मिळवून दिली.

इकडे दिवे लागले, पण काटे वेड्यासारखे नाचू लागले. गाडीच्या अंगाला जोडलेली वायर सैल झाली होती. गॅरेजवाले तिला अर्थ म्हणतात. मिस्त्री पाना शोधायला उठले. "ताईंना सांग, अर्थ मिळत नाहीये. थोडा वेळ लागेल."

बारकू सुधाताईंकडे गेला. "ताई, मिस्त्री म्हणतात, तुमच्या गाडीला काही अर्थ नाही."

"ते मी ह्यांना गाडी घेतानाच सांगितलं होतं," सुधाताई म्हणाल्या. "आणि हे आहेत कुठे?"

"लांब सोडले."

मग फोनाफोनी झाली. मुकुंदराव घाटमाथ्यावर उतरले आणि कोबीच्या टेंपोत बसून परत आले. काखेत उशी होती. बारकूकडे पाठ करायला ते तयार नव्हते. आज आपण चालवणार नाही म्हणत त्यांनी किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली.

दुपार कलली होती. अर्थ घट्ट झाला होता, काटे जागेवर आले होते. राहिली बॅटरी.

"बॅटरी पार बसलीय," मिस्त्री म्हणाले.

"उठवू?"

"काही करू नकोस! धक्का मारून मी सुरू करून देतो. मला हा ट्रक आजच द्यायचाय, नाहीतर मीच गेलो असतो. तू यांना नेऊन पोचव. फक्त एक कर. पोचल्यावरसुद्धा गाडी चालू ठेव. काही झालं तरी बंद करायची नाही. बंद केलीस तर पुन्हा सुरू व्हायची नाही. कळलं?"

"कळलं."

बारकूनं गाडी झकास नेली. सूर्य बुडायच्या आत गावात पोचवली. दारात मांडव, मांडवात पाहुणे, पाळण्याला झेंडूच्या माळा. गाडी हळू झाली तसे मुकुंदराव टुणकन खाली उतरले. सुधाताई अजून गाडीतच पैठणी नेसत होत्या.

आणि गाडी पुढे निघाली.

गावातला रस्ता देवळाला वळसा घालून परत तिथंच यायचा. थोड्या वेळानं गाडी मांडवासमोर आली. खिडकीत सुधाताई. "अहो, हा थांबत नाहीये!" गाडी गेली.

परत आली. "अगं आत्याबाई, उतर की!" भाऊ ओरडला.

"कशी उतरू?" गाडी गेली.

"अरे, थांबव!" मुकुंदराव शेजारून धावू लागले.

"चालू ठेवायला सांगितलीय काका," बारकू काचेतून म्हणाला. "तुम्ही दमाल. आत बसा."

पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. बायका पाळणा उचलून रस्त्याकडेला आणावा की काय, असं बोलू लागल्या. शेवटी मुकुंदरावांनी हसनमिस्त्रींना फोन लावला, धावत धावत गाडी गाठली आणि फोन बारकूच्या कानाला लावला.

"गाढवा!" मिस्त्रींचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू आला. "जागेवर उभी करून चालू ठेवायची! आणि चुकून बंद पडलीच, तर एकट्यानं खटपट करत बसू नकोस. चार माणसं बोलाव आणि धक्का मारायला लाव. कळलं?"

"कळलं." बारकूनं गाडी दारात उभी केली. ती जागेवर घरघरत राहिली.

सुधाताई उतरल्या. त्यांना अजून सगळा गाव फिरताना दिसत होता. दोघींनी धरून त्यांना पाळण्याशी नेलं. त्यांनी बाळाच्या कानात कुर्र्र केलं आणि नाव सांगितलं. मिहीर. टाळ्या झाल्या, पेढे झाले. सुधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं बाई एकदाचं," त्या म्हणाल्या.

पण बाळ काही रडायचं थांबेना. आईनं घेतलं, आजीनं घेतलं, छे. बारकू जवळ आला तसं ते गप्प झालं आणि त्याच्याकडे टकमक बघू लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मांडवात पंगत बसत होती.

"बारकू, तू मागच्या पंगतीला जेव हं," सुधाताई म्हणाल्या. "तोवर बस इथं पाळण्यापाशी. जरा लक्ष ठेव."

बारकू बसला. त्यानं दोरी ओढली. पाळणा हलू लागला. बाळ हुंकारलं. मग हुंकार बारीक झाला. डोळे अर्धे मिटले. मग पूर्ण मिटले. आवाज बंद.

बारकूनं वाकून बघितलं. कान लावून ऐकलं. एकट्यानं खटपट करायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पंगतीत नुकतीच जिलबी वाढली होती. बारकू धावत मांडवात आला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "चला, चला! बाळ बंद पडलं! चार माणसं चला!"

सबंध पंगत उठली. मठ्ठा सांडला, जिलब्या तुडवल्या गेल्या, भाऊ भाताच्या हातांनी धावला, आजी मटकन खाली बसली, बाळाच्या आईनं हंबरडा फोडला. सगळे पाळण्यावर जाऊन आदळले. पाळणा गदगदा हलला. बाळ दचकून जागं झालं आणि त्यानं असा टाहो फोडला की पार किनाऱ्यावर ऐकू गेला.

बारकूनं कपाळावरचा घाम पुसला.

"झालं सुरू," तो म्हणाला. "आता सकाळपर्यंत कुणी बंद करू नका."