कोंबळगडाची एकोणचाळीस जाती

कोंबळगडावर पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. तट ढासळलाय, टाक्यात शेवाळ. पण सदरेमागे उघड्यावर दळणाची एकोणचाळीस जाती पडली आहेत. त्यांवरून हात फिरवा, असं पायथ्याचे सखोबा गुरव आल्यागेल्याला सांगतात. इतक्या जुन्या दगडांवर टाकीचे, म्हणजे छिन्नीने पाडलेले घाव अजून बोटाला बोचतात. कारण ते घातल्यावर त्यांवर एक दाणाही दळला गेलेला नाही.

असं सांगतात, की या खोऱ्यातल्या बारा गावांनी एकदा राजाविरुद्ध बंड केलं. घरटी एक माणूस लढाईला द्या, असा हुकूम तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्यांच्या सोमनायकाने राजाच्या दूताला हाकलून दिलं आणि बायकापोरांसकट गड गाठला. मागोमाग राजाची फौज येऊन वेढा घालून बसली. बंडखोरांपैकी कोणालाही जिवंत ठेवायचं नाही, असा सेनापतीला हुकूम होता.

गडावरचं धान्य चैत्रातच संपलं; पुढे झाडपाला खाऊन दिवस काढले. तरी बायका रोज पहाटे ओव्या म्हणत रिकामी जाती ओढत. खाली घरघर ऐकू जाई आणि वर अजून दळण चाललंय म्हणून फौजेचा धीर खचे. पाऊस आठवड्यावर आला होता. तेवढे दिवस निभावले असते, तर वेढा उठणारच होता.

खालच्या गावात येसो टाकारी फौजेच्या हाती लागला. जात्यांना टाकी लावण्यात त्याची हयात गेली होती. त्याची एकुलती एक लेक, राही, वर गडावर होती. सेनापतीने त्याला पहाटे कड्याखाली उभं केलं.

"ऐक आणि सांग. जात्यात दाणे आहेत की नाहीत?"

येसोने उत्तर घोकून ठेवलं होतं. दाणं हायेत धनी, दोन महिनं पुरतील. एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यात वर जातं फिरलं आणि दगडावर दगड घासला. तो आवाज टाकाऱ्याला सोसत नाही; रिकामं जातं फिरलं की टाकी झिजते. दारोदार हिंडताना कुठे तो कानी आला, की मूठभर दाणे टाक म्हणून तो घरच्या बाईला हटकणारच. त्या मुठीला वैरण म्हणतात. चाळीस वर्षांची सवय ती. विचार करायच्या आत येसोच्या तोंडून निघून गेलं.

"वैरण घाल गं, पोरी."

सेनापतीला उत्तर मिळालं. तंबू जागचे हलले नाहीत. पाचव्या दिवशी फौज तट चढली. उपाशी माणसांना तलवारी उचलवल्या नाहीत, आणि बाकी सारं हुकमाप्रमाणे झालं.

येसोला त्यांनी सोडून दिलं. तो वर गेला तेव्हा राही जात्यापाशीच पडली होती. खुंट्यावरची बोटं सुटली नव्हती, आणि भोवती पिठाच्या जागी दगडाची भुकटी होती. त्यानंतर तो म्हणे कधीच बोलला नाही. लेकीला माती देऊन तो छिन्नी-हातोडा घेऊन बसला आणि गडावरच्या एकेका जात्याला त्याने टाकी लावली. दळायला कोणी उरलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. शेवटचं जातं झालं आणि तोही तिथेच गेला. त्याला कोणी फितूर म्हटलेलं सखोबांना आजही खपत नाही.

खोऱ्याबाहेर दिलेल्या लेकींनी पुढे परत येऊन ही गावं वसवली. आजही तिथे टाकारी आला, तर दारात उभा राहून छिन्नी वाजवतो; काम संपवून वेशीबाहेर पडेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. आणि लग्नाची हळद दळताना नवरीची आई आधी मूठ घालते, गडाकडे तोंड करते आणि म्हणते, "वैरण घातली, बाबा."

मगच जातं फिरतं.