केरबाचं गाण्यातलं इंग्रजी

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण इंग्रजीच्या क्लासात नाव घातलेला हा एकटाच.

केरबा हौसाआत्याच्या गुऱ्हाळात चुलाणात चिपाडं सारायचा. गावातली बाकीची गुऱ्हाळं केव्हाच बंद पडली होती. आत्याचंही यंदा बंद पडायच्या बेतात होतं. तेवढ्यात खबर आली, की गूळ बघायला परदेशातून एक साहेब येणार आहे. गूळ पसंत पडला तर दरसाल इथूनच नेणार. म्हणजे गुऱ्हाळ वाचणार. फक्त साहेबाशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी पाहिजे.

"केरबा, तू शीक," आत्या म्हणाली. "तुला सांगितलेलं तू तस्संच करतोस."

हे मात्र खरं होतं.

झेरॉक्सच्या दुकानावर डबीर सरांचा क्लास होता. सर व्याकरण शिकवत नसत, गाणी शिकवत. त्यांचा नियम सोपा होता. "गाण्यातली ओळ जशीच्या तशी बोलायची. आपलं डोकं मध्ये घालायचं नाही. आणि ओळ दोनदा म्हणायची."

डोकं न घालणं केरबाला पहिल्याच दिवशी जमलं.

पहिली ओळ मिळाली, 'बेबी, डोन्ट गो.' लाडके, जाऊ नकोस. सर म्हणाले, "कुणी निघालं की म्हणायची."

सकाळी आठची एसटी निघाली. केरबा हात पसरून तिच्या पुढ्यात उभा राहिला. "बेबी, डोन्ट गो. बेबी, डोन्ट गो." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बेबी कुठं जातेय हे कळेपर्यंत केरबा हलणार नव्हता. शेवटी कंडक्टरनं त्याला उचलून वडाच्या पारावर ठेवला.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, जाणाऱ्याला अडवायचं नसतं, निरोप द्यायचा असतो. म्हणायचं, 'गुडबाय माय लव्ह, नेव्हर कम बॅक.' जा प्रिये, परत येऊ नकोस."

"बरं," केरबा म्हणाला.

रविवारी रखमाजी पाटलांच्या लेकीचं लग्न होतं. नवरी सासरी निघाली. तिची आई रडत होती. केरबा गर्दीतून पुढं झाला आणि नवरीला म्हणाला, "गुडबाय माय लव्ह, नेव्हर कम बॅक." लगेच दुसऱ्यांदाही म्हणाला. नवरदेवाचा भाऊ पुण्यात नोकरीला होता. त्याला इंग्रजी येत होतं, हीच पंचाईत झाली. वरात दोन तास खोळंबली. केरबाचा सदरा फाटला तो वेगळाच.

"लग्नात असलं म्हणतात होय?" सर म्हणाले. "जिथं माणसं जमलीत, हारफुलं आहेत, वाजतंय, तिथं टाळ्या पिटायच्या आणि म्हणायचं, 'एव्हरीबडी डान्स, वन्स मोअर.'"

"बरं."

चौथ्या दिवशी तात्या गुरव वारले. केरबा गेला. माणसं जमली होती. हार होते, फुलं होती, टाळ-मृदंगही वाजत होते. केरबानं एकेक गोष्ट तपासून घेतली. मग टाळ्या पिटत म्हणाला, "एव्हरीबडी डान्स, वन्स मोअर." डान्सचं काही जणांच्या लक्षात आलं नाही, पण वन्स मोअर जत्रेतल्या नाटकामुळं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तात्यांच्या पोरांनी खांदा बदलायच्या आत केरबा ओढ्यापलीकडं पोचला होता.

"अरे कर्मा," सर म्हणाले. "समोरच्याच्या डोळ्यात पाणी दिसलं की मान खाली घालायची आणि म्हणायचं, 'आय ॲम सॉरी, इट इज ऑल माय फॉल्ट.' माफ करा, सगळी चूक माझी."

"डोळ्यात पाणी. बरं."

साहेब यायच्या दिवशी गावानं आधी सरांनाच बोलावलं. पण त्यांना नेमकं त्याच दिवशी तालुक्याला तातडीचं काम निघालं. "केरबा तयार आहे," असं म्हणत त्यांनी स्कूटरला किक मारली.

साहेबानं गार झालेल्या ढेपेचा खडा तोंडात टाकला. मान डोलावली, हसला. आत्याचा जीव भांड्यात पडला. हौसेनं तिनं खडा कागदात बांधून त्याच्या खिशात घातला आणि वर काहिलीतला गरम गूळ पानावर दिला. साहेबानं तो तसाच तोंडात टाकला. जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी आलं.

केरबानं पाणी पाहिलं. मान खाली घातली. "आय ॲम सॉरी, इट इज ऑल माय फॉल्ट."

साहेब दचकला. गुळाकडं बोट दाखवून घाईघाईनं काहीतरी विचारू लागला. केरबानं ओळ दुसऱ्यांदा म्हटली. साहेबानं गूळ थुंकला आणि थेट गाडी गाठली.

गाडी सुटली. आता निरोप. "गुडबाय माय लव्ह, नेव्हर कम बॅक."

गाव गार झालं. एवढं मोठं इंग्रजी, तेही न अडखळता.

वळणावर मात्र गाडी थांबली. साहेबानं खिशातला खडा चाखला होता. त्याला तो खरंच आवडला होता. गाडी मागं येऊ लागली, साहेबानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. केरबा नुसता बघत राहिला. येणाऱ्याला काय म्हणायचं, हे सरांनी शिकवलंच नव्हतं.

आत्याला भरून आलं होतं. आपल्या चुलाणापुढचा केरबा, आणि त्याचं बोलणं ऐकून साहेब माघारी येतोय. तिनं पदर खोचला आणि ओरडली, "वन्स मोअर!"

"वन्स मोअर!" सगळं गाव ओरडलं.

केरबा सांगितलेलं तस्संच करायचा. गाडी पार जवळ येऊ दिली, आणि साहेबाच्या तोंडावर तीच निरोपाची ओळ मोठ्यानं आणि स्पष्ट म्हणाला.

गाडी पुन्हा पुढं गेली. या वेळी वळणावर थांबली नाही.

आत्यानं केरबावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मग धुरळ्याकडं बघत विचारलं, "केरबा, साहेब काय म्हणाला रं?"

"त्यो काय म्हणणार, आत्या?" केरबा म्हणाला. "समदं मीच बोललो की."