झोपाळेपेठेचे न थांबणारे झोके

या, दौलतबागेच्या कठड्याला धरून चला. बाग राजवाड्याची, तिच्याभोवती गोल वसलेली ही झोपाळेपेठ माळ्यांची. प्रत्येक ओसरीवर एक झोपाळा, आणि कुणी बसलेले असो-नसो, तो हलतोच आहे. बाई पोळी तव्यावर टाकून बाहेर येते, झोका देते, परत आत पळते. पाहुण्यांना इथे दुपारची झोप लागत नाही. कड्यांची करकर ऐकून जीव कासावीस होतो.

असे सांगतात, की राणीसाहेबांचा तान्हा मुलगा एकाएकी श्वास घेईना. त्यांनी टेकडीवरच्या जोगाईला शब्द दिला, "याला जगव. याचा पाळणा कधी थांबू देणार नाही." मूल रडले, जगले. पण देवी शब्दाची पक्की! पाळणा मंदावला की पोर निळे पडे. दासी पाळीपाळीने झोके देत राहिल्या.

एके दिवशी चांदीच्या पाळण्याची साखळीच तुटली. राणीसाहेब मुलाला घेऊन अनवाणी बागेत धावल्या. तिथे धोंडाक्का माळीण आंब्याला झोळी बांधून लेकीला जोजवत होती. तिने लेक उचलून गवतावर ठेवली.

"घाला हितं, आईसाहेब. दोर काथ्याचा हाय, पन तुटायचा न्हाई."

पोराने श्वास घेतला. बागेभोवतीची जमीन माळ्यांना मिळाली, ती एका अटीवर: घरोघरी झोपाळा, आणि तो सदा हलता, म्हणजे एक थांबला तरी दुसऱ्याच्या झोक्यावर राजपुत्राचा श्वास चालावा.

मुलगा वाढला, भुजंगराव म्हणून गादीवर बसला, म्हातारा झाला. बरोबरीचे गेले, पोटची मुले गेली. हा म्हणे जाईचना. दात गेले, दृष्टी गेली. शेवटी काठी टेकत पेठेत आला आणि हात जोडून म्हणाला, "पुरे झालं रे बाबांनो. थांबवा आता."

राजाच्या मरणाचे पाप डोक्यावर कोण घेणार? पहिल्या घरचे म्हणाले, "म्हाराज, आधी शेजाऱ्याला इचारा. त्येनं थांबवला की आमचा थांबलाच समजा." शेजाऱ्याने पुढचे दार दाखवले. पुढच्याने त्याच्या पुढचे. पेठ पडली गोल. महाराज फिरून पहिल्याच दाराशी.

या राजाची समाधी शोधा, सापडायची नाही. आजही बागेला फेऱ्या घालणारा एखादा म्हातारा तुम्हाला भेटेल. मुजरा करा, पाणी विचारा. पण त्याने 'थांबवा' म्हणत हात जोडले, तर चुकूनही होकाराची मान हलवू नका.