दगडावरची गुळवेल

एका राज्यात संत्र्यांची एवढी मोठी बाग होती, की ती ओलांडताना पाखरंही वाटेत विसावा घेत. त्या बागेच्या माळ्याने एकदा एका मांत्रिकाला संत्रं दिलं. वरून सोन्यासारखं, आतून सडलेलं. सालीवर सुईच्या टोकाएवढं भोक. मांत्रिक म्हणाला, "दगड हो. याच बागेतलं न टोचलेलं फळ हातावर येईल, तेव्हाच माणूस होशील." माळी जागच्या जागी दगड झाला, हात पुढे केलेला तसाच.

त्याची बायको रेवंती. नवऱ्याला ऊन लागू नये म्हणून तिने दगडावर गुळवेल चढवली आणि न टोचलेलं फळ शोधू लागली. बहार आले, बहार गेले. प्रत्येक फळाला ते भोक होतंच. राजाने पहारे बसवले. फळं टोचणारा चोर सापडला नाही.

शेवटी तिने कुंपणावरच्या भारद्वाजाला विचारलं. पक्षी म्हणाला, "तीन गोष्टी पाहून ये. चोर कुठे जन्मतो, कुठे निजतो, कुठून उडतो."

तिने संत्र्याचं पान न् पान उलटलं. काही नव्हतं. भारद्वाज हसला. "बाई, चोरी करतो तिथेच चोर राहतो होय? तुझी माया जिथे आहे, तिथे बघ."

ती दगडापाशी आली. गुळवेलीच्या पानांमागे मोत्यांसारखी अंडी होती. त्यांतून अळ्या निघाल्या, काळ्या मखमलीच्या, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. वेलीचीच पानं खाऊन त्या वाढल्या. मग एकेकीने पान अंगाभोवती गुंडाळलं, आत कोश केला आणि जणू मेली. रेवंती तिथून हलली नाही. एका तिन्हीसांजेला कोश फाटला. वाळक्या पानाच्या रंगाचे पंख उघडले, आणि त्यांच्याखाली दुसरे, केशरी, काळ्या चंद्रकोरीचे. असं वस्त्र राणीच्याही पेटीत नव्हतं. रेवंतीचे हात आपोआप जोडले गेले.

पतंग म्हणाला, "आई, सावली छान केलीस. आता भूक लागली." आणि सुईसारखी सोंड पुढे करून बागेकडे उडाला.

गुळवेल तुकड्यातूनही फुटते. रेवंतीने ती मुळासकट उपटली, कांडं न् कांडं टोपलीत भरलं. राजाला सांगून बागेच्या आसपासची प्रत्येक वेल काढवली. पण जाळवली नाही तिला. अंड्यांसकट नदीपल्याडच्या रानात नेऊन लावली. नदी एवढी रुंद, की पतंगाचे पंख पुरत नसत.

दगड उघडा पडला. उन्हाळाभर तापला, एका जागी तडकलाही. तिचा जीव खालीवर होई, पण वेल तिने परत आणली नाही.

बहार आला. तिने एक संत्रं तोडलं, चहूकडून चाचपलं. साल अखंड होती. ते तिने दगडाच्या हातावर ठेवलं.

बोटं मिटली. माळ्याने डोळे किलकिले केले.

"फार ऊन लागलं गं."

"माहीत आहे," रेवंती म्हणाली. "मीच लागू दिलं. घरी चला."